अप्पांचं क्षमेचं कार्ड

सांगलीत आमच्या मासिकाच्या कचेरीत मी नव्वदीच्या दशकात प्रुफं वाचायचो. त्या नोकरीत पगार काही साठला नाही, किस्से मात्र साठले. त्यातले निम्मे दोन माणसांचे, जी एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. एक आमचे संपादक अप्पा, जैन. दुसऱ्या साताऱ्याच्या लेखिका सेसिलियाबाई, कॅथलिक, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळा व्यवहार टपालानं!

*

अप्पा कागदाच्या बाबतीत भयंकर चिकट. बाईंना पत्रंसुद्धा प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर जायची. अंकात दोन ओळींची जागा मोकळी दिसली की मला हाक. "हितं काय शाळू पेरायचाय? भरा कायतरी." आणि मजकूर जास्त झाला की निर्दयपणे कात्री.

*

बाईंचा पहिलाच लेख असा कापला गेला. त्यांचं कार्ड आलं, "शेवट कुठे गेला?" अप्पांनी कळवलं, "जागा नव्हती."

पुढच्या लेखाला बाईंनी एक जादा परिच्छेद टाचून पाठवला. वर लिहिलं होतं, "हा कापण्यासाठी." अप्पा दिवसभर हसत होते. लेख अख्खा छापला.

*

ईस्टरआधी बाईंचा उपवासकाळ असायचा. एका वर्षी त्यांनी कळवलं, "या दिवसांत मी एक आवडती गोष्ट सोडते. यंदा तुमच्याशी भांडणं सोडलंय."

अप्पांनी तेवढ्यात त्यांचे दोन लेख कापून घेतले. ईस्टर झाल्याबरोबर जाडजूड पाकीट आलं, जादा तिकिटं लावलेलं. भांडण साठवून ठेवलं होतं!

*

पर्युषण संपलं की अप्पा सगळ्या लेखकांना कार्ड धाडायचे, "वर्षभरात मन दुखावलं असल्यास क्षमा असावी." लोक वाचून ठेवून देत. बाईंनी उत्तर पाठवलं, "मोघम चालणार नाही. आमच्याकडे फादरसमोर पाप नाव घेऊन सांगावं लागतं."

मला वाटलं, आता अप्पा भडकणार. ते म्हणाले, "खरं हाय बाईंचं." जुने अंक काढून बसले आणि काय काय कापलं ते सगळं लिहून धाडलं. अशी क्षमा मागणारा संपादक मी दुसरा बघितला नाही.

*

मग बाईंनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीवर लेख पाठवला. शेवटची ओळ होती, "तिचं नाव रोझ होतं." अख्ख्या लेखात नाव तेवढंच एकदा. पान भरलं होतं. अप्पांनी ती ओळ उडवली.

या वेळी कार्ड आलं नाही. भांडण नाही, पुढचा लेख नाही. अप्पा रोज टपाल स्वतः चाळायचे. पर्युषण संपलं, सगळ्यांची कार्डं निघाली, बाईंचं तेवढं अप्पा लिहीनात. मी आठवण करून दिली.

"आरं, कार्डात मावतंय व्हय ते?"

पुढचा अंक मशीनवर चढताना मी दचकलो. अग्रलेखाच्या पानावर वर एकच ओळ होती, "तिचं नाव रोझ होतं." खाली सगळं कोरं.

"अप्पा, पान मोकळं राहिलंय."

"ऱ्हाऊ दे."



काही दिवसांनी साताऱ्याहून पाकीट आलं. आत आमचंच ते पान, अंकातून अलगद कापून काढलेलं. त्या ओळीखाली, पार समासापर्यंत, बाईंच्या बारीक अक्षरात एक नवी गोष्ट होती. अप्पा ते घेऊन खिडकीपाशी गेले.

कोपऱ्यात लिहिलं होतं, "अप्पा, जागा मोकळी होती. भरली."