ओव्हेला स्टिडमची कुणालाच न येणारी गाणी

ओव्हेला स्टिडमने म्हणे नवऱ्याच्या शवपेटीत हात घालून त्याची गाण्यांची वही ढापली. सगळे चर्चच्या मागच्या खोलीत बीन्स आणि मक्याचा पाव खात होते, तेवढ्यात. आमच्या खोऱ्यात ही कुजबूज दोन वर्षं फिरली. मीही फिरवली, खोटं कशाला बोलू? चविष्ट होती.

बाई गोड नव्हतीच. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं डाव चालवला, पण पोरांना असं वाढायची की जणू त्यांनी तिच्या घरावर दरोडा घातलाय. नवरा रूफस मात्र साखरेचा. कोळशाचा ट्रक चालवायचा आणि दर शनिवारी डोंगर ओलांडून व्हर्जिनियात गायला जायचा. सोबत बँजो घेऊन धाकटा भाऊ गार्नेट. आम्ही इकडचे, आमच्या कानावर त्यातलं काही पडलं नाही.

रूफस गेल्यावर ओव्हेला त्याची गिटार घेऊन आमच्यात येऊ लागली. सोमवारी संध्याकाळी, आगीच्या बंबाच्या शेडमध्ये, नवशिक्यांचं ब्लूग्रास, म्हणजे आमचं डोंगराकडचं तारवाद्यांचं गाणंबजावणं. गोल बसायचं. ज्याचा नंबर येईल त्याने गाणं सांगायचं, पट्टी सांगायची आणि सुरू करायचं. बाकीच्यांनी मागून धावायचं. गार्नेट आमचा म्होरक्या. त्याने चाळीस गाण्यांची फाईल केली होती, सगळ्यांना येणारी. ओव्हेलाने त्या फाईलला कधी बोट लावलं नाही. तिचा नंबर आला की कुणी बापजन्मी न ऐकलेलं गाणं.

नवशिक्याला गाणं येत नसेल तर तो एकच करतो: गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघतो. एका सोमवारी ओव्हेलाने पट्टी सांगितली 'ए'. पण गिटारच्या मानेवर सूर वर चढवणारा चिमटा लावला होता, त्यामुळे बोटं दिसत होती 'जी'ची. ट्रेसीने, म्हणजे आमच्या शाळेच्या बसच्या निवृत्त ड्रायव्हरबाईंनी, मँडोलिनवर इमानदारीत 'जी' वाजवला. मीही बासवर तेच केलं. एका पोत्यात दोन बोके कोंडल्यासारखा आवाज निघाला.

"वहिनी, मुद्दाम करता तुम्ही!" गार्नेट ओरडला.

"चिमटा दिसत नाही का? डोळे घरी ठेवून येता?"

"शिकायला लागून पाचच महिने झालेत हो मला," ट्रेसी रडकुंडीला आली. "आधी सांगायचं तरी!"

"तुमची बस वळायच्या आधी कुणी येऊन सांगायचं का?"

सगळे भडकले, मी सर्वांत जास्त. गार्नेटने तिथेच फर्मान काढलं: "पुढच्या सोमवारी तुमचं गाणं न मोडता शेवटापर्यंत गेलं, तर बसा. नाहीतर फाईल उघडायची किंवा घर गाठायचं."

घरी तिची वाट बघायला फक्त टीव्ही होता. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर मजा.

पुढच्या सोमवारी बाई चिमट्याशिवाय आली. पट्टी 'जी', बोटंही 'जी'चीच. "वाद्यं खाली. आधी गुणगुणा," म्हणाली. मग तोंडाने "एक! चार! पाच!" असा कॉर्डचा प्रत्येक बदल आकड्यांत ओरडत राहिली, पोरांना रांगेत ओरडायची तसाच सूर. आम्ही दात खात मागे गेलो. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. गार्नेट हाताची घडी घालून बसलेला. तिसऱ्यात गाण्यातला पूल वाहून गेला आणि गाण्यातली बाई अलीकडच्या काठावर राहिली, तोच गार्नेट ताडकन उठला.

"पूल नाही वाहून जात! पूल शाबूत असतो, होडी बुडते!"

गाणं थांबलं.

"म्हणजे तुम्हाला येतं हे?" ट्रेसीने विचारलं. "आणि मोडलंत तुम्हीच."

"रूफसचं गाणं आहे ते! बदलायचा हिला काय अधिकार?"

"होडी मी गुरुवारी काढून टाकली," ओव्हेला तार पिळत म्हणाली. "कंटाळा आला बुडवून बुडवून. भावजी, व्हर्जिनियाहून गाण्यांचे शब्द विचारायला रूफस कुणाला फोन करायचा? आणि नंबर कोण फिरवून द्यायचं?"

गार्नेटचे कान लाल झाले. त्याने बँजो खोक्यात घातला आणि दार आपटून गेला.

"पुन्हा पहिल्यापासून," ओव्हेला म्हणाली. "आणि ट्रेसी, तोंड मिटा, माशी जाईल."

शेवटापर्यंत वाजवलं. भयाण वाजवलं, पण मोडलं नाही. तिची खुर्ची राहिली. गार्नेट तीन आठवड्यांनी परतला आणि तिच्या बरोबर समोर बसू लागला. दोघं एकमेकांशी आजही बोलत नाहीत.

वही शवपेटीतच आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओव्हेलाने दिली आणि मीच ती रूफसच्या हाताखाली ठेवली. तिच्यावर नाव रूफसचं होतं. आतलं प्रत्येक गाणं, हे मला त्या सोमवारी कळलं, ओव्हेलाने रचलेलं होतं.