अनंताच्या खोडावरचे सपाट घाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही. वरंधच्या रस्त्यावर तुमची नि माझ्या वहिनीची गाठ पडायची नाही.

आमच्या दारात अनंताचं झाड होतं, थोरल्या भावाने लावलेलं. तो गेल्यापासून फुलांच्या दिवसांत वहिनी रोज एक फूल त्याच्या फोटोला वाहायची. पण झाड माजलं. खाली नुसती लाकडं, पानाफुलांचा पसारा कौलांच्या वर. वहिनीचा हात पोचेना, म्हणून तिने वाडीतल्या धाकूदादाला बोलावलं. भाताची रोपं करायची जमीन फांद्या-पाला जाळून भाजतात, त्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडाव्यात त्यानेच, अशी त्याची ख्याती. झाड कधी उघडंबोडकं करायचा नाही.

त्याने तिरक्या घावांनी जुन्या फांद्यांतला तिसरा हिस्सा काढला आणि कोयता पुसला. "यंदा एवढंच. नवी फूट आली की फुडच्या वर्षी आणखी. पाला ठेवला नाय तर झाड जगंल कशावर?" हे त्याने मलाच सांगितलं; वहिनी त्या दिवशी तो यायच्या आधीच माहेरी, तुडीलला गेली होती.

आता — आता खरं सांगायला हवं. मी नुकताच मुंबईची नोकरी आटपून आलो होतो. मोबाइलवर छाटणीचे व्हिडिओ बघायचो, महाडहून नवी करवत आणली होती. ते झाड मला अर्धवट हजामत केल्यासारखं दिसत होतं. राबाचा माणूस, त्याला बागेतलं काय कळतंय? असंच वाटलं मला, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी उरलेल्या सगळ्या फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापल्या. एक पान ठेवलं नाही.

वहिनी परतली ती खुंटांसमोर उभीच राहिली. "ह्ये काय केलंन धाकूने, भावजी?"

मी काय म्हणालो? म्हणालो, "फुटेल." एवढंच. धड खोटंही बोललो नाही — तिचा समज तसाच राहू दिला.

ते फुटलं नाही. मी रोज नखाने साल खरवडून बघायचो. आधी हिरवं दिसायचं, मग तपकिरी. शेवटी वहिनीने धाकूदादाला बोलावून घेतलं आणि चार बायकांसमोर नाही नाही ते सुनावलं. तो खाली बसला. त्याचे घाव तिरके, माझे करवतीचे सपाट. त्याने एकेकावर बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. भावाचं झाड भावानेच मारलं हे तिला कळू नये, असं वाटलं असेल का त्याला? मला माहीत नाही. "वयनी, माझाच अंदाज चुकला," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर दारचं झाड छाटायला वाडीत कुणी त्याला बोलावलं नाही.

वहिनीने नवं रोप लावलं. सात वर्षांत तेही माजलं, तेव्हा यंदा ती म्हणाली, भावजी, तुम्हीच छाटा. मी धाकूदादासारखं छाटलं — तिरका घाव, तिसराच हिस्सा. महिन्याभरात कोवळी फूट आली. "आमच्या भावजींच्या हाताला गुण हाय," असं ती येईल त्याला सांगते. परवा धाकूदादा रस्त्याने चालला होता, त्यालाही तिने ऐकवलं. तो कुंपणाशी थांबला. घाव निरखून बघितले.

"बरोबर छाटलंस," म्हणाला.

वहिनी शेजारीच उभी होती. मी तेव्हाही गप्प राहिलो.