गोल राहिलेले कोपरे

आमच्या यांच्या उजव्या हाताची पकड लकव्यानं गेली, तेव्हापासून आमच्या सुतारकामाच्या दुकानात खाचा मीच पाडायची. दाराच्या उभ्या पट्टीत लांबट खाच पाडायची, आडव्या पट्टीचं चौकोनी टोक तिच्यात बसवायचं, झालं दार जोडून. पूर्वी हे स्वतः किकऱ्यानं, म्हणजे अरुंद पटाशीनं, ठोकत बसायचे. एका खाचेला एक चहा निवायचा. मी राऊटर, म्हणजे लाकूड कोरायची मशीन घेतली आणि उरल्यासुरल्या प्लायचा साचा केला. पोळपाटाएवढी फळी, मधे फट, खाली दोन पट्ट्या. पट्ट्यांमधे लाकूड धरायचं आणि फटीतून मशीन पुढंमागं फिरवायची, तिला बाजूला सरकताच येत नाही. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

खाचा पाडून मी वर स्वयंपाकाला जायची. हे खाली बसून सरस लावायचे. जेवायला बोलवायला यावं तर दार जुळलेलं. आता मशीनचं पातं गोल फिरतं, म्हणून खाचेचे कोपरे गोल राहतात. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण चौकोनी टोक रोज बसत होतं, मग विचार कशाला करायचा?

तीन वर्षं असंच चाललं. गिऱ्हाइकांसमोर मी म्हणायची, "यांची हत्यारं आता भंगारात घालायची." हे हसायचे.

एका उन्हाळ्यात मीच म्हणलं, "अहो, इथं पत्र्याखाली कशाला तापता? देवगावला वन्संकडं राहा महिनाभर."

"तुझं अडणार नाय ना?"

"सरस लावायला काय अडतंय?"

त्यांनी पिशवीत कपडे भरले. सगळेच भरले, हे मी नंतर पाहिलं.

चौथ्या दिवशी गारखेड्याच्या मास्तरीणबाई आल्या. परवा त्यांची वास्तुशांत, आणि दार अजून सुटं. म्हणलं, बसा, तुमच्या डोळ्यांदेखत जोडते. सरस लावला, टोक खाचेवर ठेवलं, ठोकलं. जाईना. परत ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला उभी पट्टी कडकन फुटली.

"काय हो," बाई म्हणाल्या, "मालकांबरोबर मशीनबी माहेरपणाला गेली का?"

मला हसू येईना. साचा बघितला, नीट होता. दुसरी पट्टी घेतली, तिच्यातही टोक शिरेना. म्हणलं, किकऱ्यानं जरा खरवडून बघू. यांच्या हत्यारांच्या फळीवर हात घातला. रंध्यावर धूळ, करवतीवर गंज, आणि किकरं तेवढं लख्ख. धार बघायला अंगठा लावला तर रक्तच आलं. तीन वर्षं न वापरलेल्या हत्याराला ही धार?

यांच्या बसायच्या जागी त्यांनी जायच्या आदल्या दिवशी कामाला घेतलेली एक पट्टी होती. तिच्या खाचा बघितल्या. चारी कोपरे काटकोनात, आणि प्रत्येक कापाचा कल डावीकडं. डाव्या हातानं दाब देऊन, इवलं इवलं तासून काढलेले. कानात माझाच आवाज: सरस लावायला काय अडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं देवगाव गाठलं. पिशवीत किकरं, आणि लाकडाचा एक तुकडा, ज्याचे कोपरे मी रात्री स्वतः काढायला बघितले होते. हे वन्संच्या ओट्यावर शेंगा सोलत होते, एकाच हातानं. मी तुकडा पुढं केला. त्यांनी खाचेत बोट फिरवलं.

"तू केलंस?"

"व्हय."

"लई वाईट केलंस."

"मला का नाय सांगितलं कधी?"

"तू मशीन लई खुशीत फिरवायचीस," म्हणाले. "आणि सांगितलं असतं तर तू तेबी मशीननं करायचा साचा काढला असतास. मग मी काय करायचं?"

वन्सं आतून म्हणाल्या, "वहिनी, जेवून जा."

मी यांच्याकडं बघितलं. यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि चपला शोधायला लागले.

"मास्तरीणबाईंची वास्तुशांत उद्या ना?" म्हणाले. "डबा बांधून दे गं ताई."