आईस हॉकी खेळता येत नसल्यास

चहा घ्या आधी, निवेल. आणि हसायचं असेल तर निम्म्या गोष्टीपर्यंतच हसून घ्या. पुढे हसलात तरी मी रागावणार नाही, पण आजवर ज्यांना ज्यांना ही फजिती सांगितली ते सगळे निम्म्यावर गप्प झाले आणि चहा तसाच राहिला.

मी सव्वीस वर्षं मालवणजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवतोय. पोरं मला 'वेलांटी सर' म्हणतात. मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं. पहिलीच्या जागी दुसरी वेलांटी दिली की मी अर्धा मार्क कापतो. लग्नपत्रिका हातात आली की कुणाचं लग्न ते नंतर बघतो, चुका आधी. एकदा नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता. तिथे मी मयताच्या मुलाला बाजूला घेतलं आणि 'श्रद्धा'मध्ये द आधी येतो, ध नंतर, हे समजावून सांगितलं. त्याने निमूट मान हलवली. बाराव्याला मला बोलावणं आलं नाही.

तर असल्या माणसाला आमच्या कॉलेजने स्पर्धेचा सचिव केला. कसली स्पर्धा? महाविद्यालयीन महिलांची हॉकी. साधी नव्हे, बर्फावरची.

मालवणात, हो. मार्च महिन्यात, जेव्हा नुसतं बसलं तरी सदरा पाठीला चिकटतो.

संस्थेचे अध्यक्ष मुंबईला असतात. तिथे त्यांची या खेळाच्या संघटनेतल्या कुणाशी तरी ओळख झाली आणि चार कॉलेजांची स्पर्धा आपल्या बॅडमिंटन हॉलमध्ये भरवायचं ते कबूल करून बसले. बर्फ म्हणजे प्लास्टिकच्या पांढऱ्या लाद्या, त्या मुंबईहून ट्रकने यायच्या होत्या. हे ठाऊक नसलेल्या निम्म्या गावाने मला जेटीवरच्या बर्फवाल्याचं नाव सुचवलं. तो बिचारा स्वतःही एकदा विचारून गेला, की लाद्या अख्ख्या पाहिजेत की फोडून.

पळापळ सगळी आमच्या क्रीडाशिक्षिका रेवती मॅडमची. त्यांनी दहा मुली गोळा केल्या, त्यांना कॉलेजच्या व्हरांड्यात चाकाच्या बुटांवर उभं करून हॉकी शिकवली. बर्फ नव्हताच, त्यामुळे सगळे नुसतं 'हॉकी'च म्हणायचे. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

त्या दहांत एक दर्शना. कुडाळच्या पलीकडल्या गावातून एस.टी.ने यायची, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि बोलायची नाही. ती गोलकीपर. दुसऱ्या कुणालाच गोलात उभं राहायचं नव्हतं आणि तिच्या पायांतून चेंडू जात नव्हता. गोलकीपर नसेल तर संघच घेत नाहीत, असा नियम. जिंकणाऱ्या संघाला हिमालयात खऱ्या बर्फावर खेळायला नेणार होते. दर्शना तिसऱ्या वर्षाला होती, म्हणजे तिला ही एकच संधी. मॅडमना ती म्हणाली होती, "मॅडम, मी बर्फ फक्त माशांच्या खाली बघितलाय."

मॅडम माझ्याकडे इंग्रजी नियम घेऊन आल्या. "सर, पालकांना पत्र पाठवायचंय. घरच्यांना कळेल असं मराठीत करा. आणि पाठवण्याआधी मला एकदा दाखवा."

आता सांगा, मी दाखवेन? माझं मराठी कुणी तपासायचं? मी लिहिलं, टाइप केलं, छापलं आणि मुलींच्या हाती दिलं. मॅडम लाद्यांच्या कामाला मुंबईला गेल्या होत्या, त्यामुळे आठवडाभर सरावही बंद होता.

ते पत्र मला अजून पाठ आहे. ऐका.

'महिला आईस हॉकी स्पर्धेसाठी आपल्या मुलीची निवड झाली आहे. येत्या रविवारी हॉलमध्ये चाचणी होईल. आईस हॉकी खेळण्यासाठी बूट व काठी कॉलेज देईल. आईस हॉकी खेळताना कोणताही दागिना अंगावर चालणार नाही. आईस हॉकी खेळता येत नसल्यास मुलीचे नाव संघातून वगळण्यात येईल.'

ऐकायला काही चुकलंय का? नाही ना? कानाला कळत नाही ते.

बुधवारी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "सर, गुडघ्याचा ऑपरेशन झालाहा. बापूस खेळलो तर चालात?"

मला वाटलं, मुलीचा गुडघा. म्हटलं, काय विनोदी माणूस आहे. "अहो, महिलांची स्पर्धा आहे ही. बापूस कसा चालेल?"

"ता पण खरा," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी बायको बाजारातून आली. "ती तोंडवलीची सुलोचना विचारत होती, हॉकीत पडल्यार कंबर मोडता काय म्हणून. संध्याकाळी चार-पाच बायका काठ्या घेऊन वाळूत चालतात म्हणे." सुलोचना मासे विकते, तिची मुलगी संघात होती. मी खूश झालो. स्त्रियांमध्ये खेळाची आवड निर्माण होतेय, असं बायकोला सांगितलं. उद्घाटनाच्या भाषणातही तसं वाक्य घातलं.

त्याच दुपारी आणखी एक फोन आला. मी ओटीवर उत्तरपत्रिका तपासत होतो.

"सर, दर्शनाची काकी बोलतंय. पत्र गावला. आवशीच्या जाग्यार काकी चालात काय?"

मला वाटलं, आईच्या जागी काकीची सही चालेल का, असं विचारतेय. पत्राखाली पालकाच्या सहीची जागा होती. नियम म्हणजे नियम.

"काकी चालणार नाही. नियमात बसत नाही."

"मगे आमी काय करूचा?"

"जमत नसेल तर तिने लेखी अर्ज द्यावा."

पुढे ती काहीतरी सांगत होती. पण माझ्या समोरच्या उत्तरपत्रिकेत कुणीतरी 'कवी' शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला होता. मी फोन ठेवला.

रविवार उजाडला. पांढऱ्या लाद्या अंथरून झाल्या होत्या. मॅडम बुटांचे जोड मांडत होत्या, मी यादी घेऊन दारात उभा होतो. फाटकातून नऊ बायका आत आल्या. साड्या वर खोचलेल्या, अंबाडे घट्ट बांधलेले, दोघींच्या गुडघ्यांना क्रेपबँडेज. मागून त्यांच्या नऊ मुली, माना खाली घालून. सगळ्यांत पुढे सुलोचना.

"सर, बूट खंय? माजो पाय मोठो आसा, आदीच सांगतंय."

"तुम्हाला बूट कशाला?"

"मगे काय अनवाणी खेळू? आनि मंगळसूत्र मी काढूचंय नाय हां. घोव जितो आसा माजो."

"अहो, कोणी सांगितलं काढायला?"

"तुमीच लिवलास. दागिनो चालाचो नाय म्हणान."

तोवर एक बाई उत्साहाच्या भरात लादीवर उतरलीही होती. दोन पावलं गेली आणि पुढचं सगळं अंतर तिने बसून पार केलं. भिंतीला लागल्यावर तिथूनच विचारलं, "ह्या पास धरतले काय?"

हसून घ्या. इथपर्यंतच आहे ते.

मॅडमनी सुलोचनाच्या हातातलं पत्र घेतलं. आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. 'आईस हॉकी खेळता येत नसल्यास' इथे आल्या आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, बर्फाच्या आइसमधली इ ऱ्हस्व असते ना? तुम्ही दीर्घ लिहिलीय."

मी पत्र घेतलं. खरंच, सगळीकडे दीर्घ. ती धड वेलांटीसुद्धा नव्हती, नुसता इच्या डोक्यावर गळासारखा एक आकडा. आईस. म्हणजे आईला. आईला हॉकी खेळता येत नसेल तर मुलीचं नाव कापणार, असं मी दहा घरांत लेखी कळवलं होतं.

"अगं, पण तुम्ही तरी सांगायचं ना घरी," मॅडम मुलींना म्हणाल्या.

सुलोचनाची मुलगी पुटपुटली, "मी म्हटलं होतं मॅडम, बर्फाचा आइस असेल म्हणून. पण बाकीच्या म्हणाल्या, वेलांटी सर चुकीचं लिहितील का? स, ला, ते, चतुर्थी. सरांनीच शिकवलंय."

सव्वीस वर्षं वर्गात जीव तोडून जे शिकवलं, ते पोरींच्या डोक्यात राहिलंय, हे मला त्या दिवशी कळलं. असं कळेल असं वाटलं नव्हतं.

"म्हंजे आमका खेळूचा नाय?" सुलोचनाने विचारलं.

"नाही हो."

"आनि चेडवाचा नाव?"

"आहे. मुलीचं नाव आहे."

ती तिथेच लादीवर बसली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "आठ दीस माका झोप नाय गो. म्हटलंय, मी पडलंय आनि ह्येचा नाव गेला तर?"

बाकीच्या बायकाही कुणी हसल्या नाहीत. त्या सगळ्या घाबरून आल्या होत्या. कुणी गुडघा बांधून आली होती, कुणी दिवसाचा धंदा सोडून. मुलीसाठी पडायला तयार होऊन आल्या होत्या आणि मी दारात यादी घेऊन उभा होतो.

मॅडमनी मुली मोजल्या. "नऊच आहेत. दर्शना कुठाय?"

मला त्या काकीचा आवाज आठवला. आवशीच्या जाग्यार काकी.

"मॅडम, दर्शनाची आई..." मी विचारलं.

"ती पाचवीत असताना गेली, सर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती.

संघाची नावं, प्रत्येकीच्या सहीसकट, त्याच दिवशी पाचच्या आत संघटनेकडे पाठवायची होती. मी काकीला फोन लावत सुटलो. लागेना. एक वाजता लागला.

"ता बापाशीवांगडा दोडामार्गाक गेला, काजींक. सांजेक येतला," काकी म्हणाली. "फोन नाय त्येंच्याकडे." दर्शना बापाबरोबर काजू वेचायला गेली होती.

मी म्हटलं, चूक झाली, पत्र चुकलं, तिला खेळता येईल.

काकी म्हणाली, "पण तुमीच म्हणालास ना, काकी चालाची नाय म्हणान?"

मी फोन ठेवून मॅडमना दोडामार्गाचं सांगितलं.

मॅडम स्कूटर घेऊन दोडामार्गाच्या रस्त्याला लागल्या. पण काजूच्या बागा काय एक-दोन आहेत तिकडे? इकडे मी संघटनेच्या माणसाला फोन करून एक दिवस मागितला. चाचणीत ती बसली नाही तरी नाव तेवढं घ्या म्हटलं, तिच्या सहीचा कागद उद्या पाठवतो. तो भला माणूस होता. वाईट वाटून म्हणाला, "सर, तुमच्याच परिपत्रकात आहे. 'कोणत्याही सबबीवर मुदत वाढणार नाही.' बाकी तिन्ही कॉलेजांना तुम्हीच पाठवलंय ते."

फार शुद्ध लिहिलं होतं ते परिपत्रक. त्यात एकही चूक नव्हती.

पाच वाजले. गोलात उभं राहणारी दुसरी कुणी नव्हती, म्हणून यजमान कॉलेजचा संघ सचिवाने, म्हणजे मी, स्वतःच्या सहीने कमी केला. स्पर्धा तीन कॉलेजांची झाली. आमच्या नऊ मुली गणवेश घालून पाहुण्यांना पाणी देत होत्या. सुलोचनाने तिन्ही संघांना सोलकढी पाठवली, आणि माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलली, हे मला जास्त लागलं.

पण मी सोमवारचं सांगतो. दर्शना वर्गात आली आणि शेवटच्या बाकावर बसली. तास संपल्यावर मी तिला थांबवलं. माफी मागायची म्हणून थांबवलं, देवाशपथ. पण तोंडातून काय निघालं? सव्वीस वर्षांची सवय.

"अगं, पण येणार नव्हतीस तर कळवायचं तरी."

"कळवलेलंय, सर. शुक्रवारी अर्ज दिलेलंय. तुमी परत दिलास."

"मी?"

तिने वहीतून कागद काढला. 'मी आई नसल्यामूळे संघात खेळू शकत नाही. तरी माझे नाव कमी करावे ही विनंति.' 'मूळे'भोवती लाल गोल. 'विनंति'भोवती लाल गोल. खाली माझ्या अक्षरात, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. पुन्हा लिहून आणणे.'

निबंधांच्या गठ्ठ्यात आला असणार तो. पेन हातात असलं की मी वाचत नाही, तपासतो. आई नाही, असं एका मुलीने मला लिहून कळवलं आणि मी तिला उकार दुरुस्त करून दिला.

मी तो कागद तिला परत दिला. तिला वाटलं, मी दुसऱ्या कागदाची वाट बघतोय. तिने तोही काढला, दोन्ही हातांनी पुढे धरला.

"पुन्हा लिवन आनलंय, सर. आता बरोबर आसा?"

मी वाचला. या खेपेला खरंच वाचला. 'मुळे' बरोबर होतं, 'विनंती' बरोबर होतं. चूक एकच राहिली होती, अगदी वर, 'मा. सचिव, महिला आईस हॉकी स्पर्धा' इथे. तेवढं तिने माझ्या पत्रावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.