दोन मुठी झेंडू

काय सांगू तुम्हाला, लाज गिळून सांगतोय. हसायचं ते शेवटी हसा, मध्ये हसलात तर मी गप्प बसेन!

तर पेणला आमचे मधुकाका. चाळीस वर्षं फोटो काढतायत. त्यांच्या फोटोत मिठागरातली बाई टोपली घेऊन चालली, तर बघणाऱ्याच्या जिभेवर खारट लागतं! आणि माणूस कसा? कुणीही नवखा दारात आला की आधी चहा, मग स्वतःची लेन्स त्याच्या हातात. "घेऊन जा रे, झाली की आणून दे." फी? नाव काढू नका.

आणि मी? रोह्याला कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात कॅमेरा लटकवणारा. काकांवर जळायचो. अहो, चांगल्या माणसावर जळणं फार अवघड! वाईट असते तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

काकांनी आम्हा नवशिक्यांचं प्रदर्शन भरवलं. मी कॅमेऱ्यातलं अख्खं कार्ड त्यांच्याकडे दिलेलं. प्रत्येकाचा एकच फोटो काका निवडणार, नाव फ्रेमच्या मागे. बघणाऱ्यानं आवडलेल्या फोटोखाली झेंडूचं एक फूल ठेवायचं. ज्याच्याखाली जास्त फुलं, त्याला काकांची जुनी लेन्स कायमची! त्या लेन्ससाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या पुलावरचा माझा सूर्यास्त लागणार, ही खात्री. बायकोला नवी साडी नेसायला लावून पेणला नेलं. आत बघतो तर सूर्यास्त नाय! चारही भिंती फिरलो. नाय म्हणजे नाय!

आणि मधोमध काय? गणपतीच्या कारखान्यातली म्हातारी, श्वास रोखून मूर्तीचे डोळे आखतेय. काळापांढरा. खाली झेंडूचा ढीग. असा फोटो पेणमध्ये एकच माणूस काढू शकतो! म्हणजे माझा बाजूला सारून काकांनी स्वतःचा लावला?

"अहो, काय फोटो हाय! काटा आला अंगावर," म्हणत बायकोनं फूल तिथंच ठेवलं. बायको माझी, आणि फूल त्यांना! माझं डोकंच फिरलं.

दुपारी काका सगळ्यांना मिसळ खायला घेऊन निघाले. मी म्हटलं, "तुम्ही जा, मी थांबतो राखणीला."

"बघा, किती जबाबदार पोरगा!" काका म्हणाले. चाळिशीतला पोरगा!

सगळे गेले. मी म्हातारीखालची दोन मुठी फुलं उचलली आणि शेजारच्या बकरीच्या फोटोखाली ओतली. कासू स्टेशनच्या बाकाशी, गाडीची वाट बघत असल्यासारखी उभी एक बकरी. कुणाची का असेना, काकांची नव्हती ना!

संध्याकाळी फुलं मोजली. बकरी पहिली! कासूचे एक रिटायर्ड मास्तर लेन्स छातीशी धरून रडायलाच लागले.

"आणि फक्त दोन फुलांनी मागे राहिलेला," म्हणत काकांनी म्हातारीची फ्रेम उलटी केली आणि नाव वाचलं. माझं!

"काका, हा माझा नाय हो!"

"अरे, तुझ्याच कार्डातला. मोठ्या गणपतीचा काढलास ना, त्याच्या कोपऱ्यात ही होती. मी फक्त कडा कापल्या नि रंग काढला. नजर तुझीच."

कसली नजर! मी म्हातारीला बघितलंसुद्धा नव्हतं.

"आणि माझा सूर्यास्त?"

"सूर्य काय, रोजच बुडतो रे."

"मग तुमचा फोटो कुठाय?"

"माझा कशाला? प्रदर्शन तुमचं."

मला तिथल्या तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

परत येताना गाडीत बायको गप्प बसेना. "मी डोळ्यांनी बघितलं, बकरीखाली चारच फुलं होती! कुणा मेल्याच्या पोटात दुखलं असंल? ज्यानं हात लावला ना, त्याला जन्मभर अळणी आमटी मिळू दे!"

"शाप परत घे गो," मी म्हटलं, "आमटी तूच करतेस."