अर्जातला जास्तीचा रकाना

परदेशीपुऱ्यातली आमची मिल बंद झाल्यावर कामगारांचे थकलेल्या पैशांसाठीचे अर्ज घ्यायला एकच बाबू उरले होते. खिडकीबाहेर त्यांनी स्वतःच्या घरचं स्टूल आणून ठेवलं होतं. "बसा ना भिया, कोई जल्दी नहीं," असं ते प्रत्येकाला म्हणत. छापील अर्जात फक्त नाव आणि टोकन नंबर विचारला होता. बाबू त्याखाली पट्टीने एक रकाना आखून लिहीत, 'आपण कोणतं काम करत होता?'

तो भरताना माझे बाबा ताठ बसले. 'माझ्या लूमवर धागा कमी तुटायचा,' असंही त्यांनी लिहिलं.

ते पाणी प्यायला गेल्यावर मी बाबूंना विचारलं, "बाबूजी, हे वर कोण वाचतं?"

"कोणीच नाही. पाठवताना मी पट्टी लावून तेवढं फाडतो," ते शांतपणे म्हणाले. "पण माणूस इथून मान खाली घालून तर जात नाही."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

घरी येताना बाबा खुशीत होते. "काम विचारलंय म्हणजे परत बोलावणार."

शहराबाहेर राऊ गावातल्या एका कारखान्यात त्यांना चौकीदाराची जागा मिळत होती. त्याच संध्याकाळी त्यांनी नको म्हणून कळवलं. मी समोरच बसलो होतो, पण तो रकाना फाडला जातो हे त्यांना सांगितलं नाही.