फुईचं नाव

धुळ्याहून दोंडाईच्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या साठीच्या बाई मोबाईलवर कुणाची तरी समजूत काढत होत्या. सुरतेत हळद होती. घरातल्या एकेकाचं नाव गुंफून म्हणायची हळदीची गाणी या बाई पूर्वी मांडवात जाऊन गायच्या. आता मोबाईलवर गाऊन पाठवतात आणि तिकडे ती डीजेवर वाजतात. आज नेमकं नवरीच्या फुईचं, म्हणजे आत्याचं नाव राहून गेलं होतं. फुई रुसून बसली होती आणि पहिली हळद तिच्याच हाताने लागायची होती.

"अक्का, एखादं तयार गाणं लावाले सांगा ना," मागून एक जण म्हणाला.

"भाऊ, तयार गानाले आमनी फुईनं नाव माहीत शे का?"

सगळे हसले. बाईंनी एक हात कानावर ठेवला, डोळे मिटले आणि मोबाईलमध्ये गाऊ लागल्या, "पहिली हयद लावा, सुमन फुईना हातनी..." कंडक्टरने ड्रायव्हरला खूण केली, हॉर्न नको.

थोड्या वेळाने सुरतेहून व्हिडिओ कॉल आला. आम्ही चार-पाच जणी त्या लहानशा पडद्यावर वाकलो. मघाशी माझ्या शेजारी रेकॉर्ड झालेला तो आवाज तिथे भल्यामोठ्या भोंग्यांतून घुमत होता आणि मांडवातल्या बायका तो उचलून धरत होत्या.

फुईचं तोंड अजून फुगलेलंच होतं. पण ती उठली आणि तिने दोन्ही हात हळदीत बुडवले.